करवंटीचा कोळसा आणि पाण्यातील क्रोमियम : प्रकल्प नोंदी

18 नोव्हेंबर 2024

आज मार्गदर्शक मॅडमशी बसून एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचा विषय निश्चित केला. नारळाच्या करवंटीपासून आणि शेंगांच्या टरफलांपासून सक्रिय कार्बन (असंख्य सूक्ष्म रंध्रे असलेला कोळसा) तयार करायचा आणि तो पाण्यातील शिसे व षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियमचे अधिक विषारी रूप) किती प्रमाणात काढून घेतो हे मोजायचे, असे ठरले. कच्च्या मालाची निवड करताना बराच वेळ गेला. कोल्हापूर परिसरात उसाची चिपाडे सगळ्यांत जास्त मिळतात, परंतु ती टाकाऊ आहेत असे आमच्याकडे कोणी म्हणणार नाही. साखर कारखान्यांच्या बॉयलरला आणि गुऱ्हाळाच्या भट्टीला तीच लागतात. भाताच्या तुसाचाही विचार झाला, पण त्याच्या वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा राख असतो आणि ती राख बहुतांशी सिलिका असते, म्हणून तो बाजूला ठेवला. करवंटी कठीण, दाट आणि अतिशय कमी राखेची असते.

घरी आईला विषय सांगितला तेव्हा तिने विचारले की पाण्यात तुरटी फिरवली तर हे धातू खाली बसणार नाहीत का. प्रश्न योग्य होता आणि त्याचे उत्तर देताना माझ्याही डोक्यात काही गोष्टी स्पष्ट झाल्या. तुरटी किंवा जुन्या लोकांची निवळीची बी पाण्यातला गढूळपणा, म्हणजे तरंगणारे सूक्ष्म कण, एकत्र आणून खाली बसवते. क्रोमियम पाण्यात कणांच्या रूपात नसते, विरघळलेल्या आयनांच्या (विद्युतभारित अणू-रेणूंच्या) रूपात असते, आणि म्हणून ते असलेले पाणी आरशासारखे स्वच्छ दिसू शकते. सांडपाण्यातील सेंद्रिय घाण जिवाणू कालांतराने खाऊन टाकतात. धातूला कोणीच खाऊ शकत नाही. त्याचे रूप बदलते, जागा बदलते, परंतु तो नाहीसा होत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार एका लिटरमध्ये शिसे 0.01 मिलिग्रॅमपेक्षा आणि एकूण क्रोमियम 0.05 मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये, यावरून या पदार्थांच्या बाबतीत किती बारकाईने मोजावे लागते ते कळते.

निघताना मॅडम म्हणाल्या, “पाण्यातून धातू गेला असे लिहिशील, तेव्हा तो कुठे गेला हेही त्याच ओळीत लिहायचे.” वाक्य वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवले आहे.

25 नोव्हेंबर 2024

नारळाच्या वड्या करणाऱ्या एका बचत गटाच्या मावशींकडून दोन पोती करवंट्या मिळाल्या. त्यांनी पैसे घेतले नाहीत, पण पुढच्या वेळी काय झाले ते येऊन सांगायचे, असे बजावले. शेंगांची टरफले तेलघाण्यावरून आणली. करवंटीच्या आत चिकटून राहिलेले खोबरे आणि बाहेरचा काथ्या काढणे हेच सर्वांत कष्टाचे काम ठरले, कारण खोबऱ्यातले तेल राहिले तर जाळताना काजळी धरते. पत्र्याच्या तुकड्याने खरवडून, गरम पाण्याने धुऊन आणि तीन दिवस उन्हात वाळवून करवंट्या हातोडीने फोडल्या, नंतर खलबत्त्यात कुटल्या आणि चाळून दोन भाग केले: प्रयोगासाठी बारीक भुकटी आणि पुढे स्तंभात भरण्यासाठी अर्धा ते एक मिलिमीटरचे दाणे.

2 डिसेंबर 2024

पहिली खेप वाया गेली. तुलनेसाठी आम्ल न घालता साधा कोळसाही हवा होता, म्हणून 20 ग्रॅम भुकटी मुशीत भरून मफल भट्टीत 500 अंश सेल्सिअसला एक तास ठेवली होती. बाहेर काढल्यावर पाहिले तर कडेने पांढुरकी राख आणि मध्ये थोडासा कोळसा, मिळून दोन ग्रॅमच्या आसपास उरले होते. मुशीचे झाकण नीट बसत नव्हते आणि आत शिरलेल्या हवेने कोळसा जाळून टाकला. प्रयोगशाळेतील मामांनी यावर एक उपाय सुचवला, तो पुस्तकात वाचला नव्हता पण तत्त्वाने अगदी बरोबर आहे: मोठ्या मुशीत साध्या कोळशाचे तुकडे भरायचे आणि त्यांच्या मधोमध आपली लहान मूस झाकणासह बसवायची. आत येणारा ऑक्सिजन बाहेरच्या कोळशातच संपतो. दुपारी याच पद्धतीने पुन्हा ठेवले आणि 20 ग्रॅमपैकी 5.6 ग्रॅम काळा, ठिसूळ, राखविरहित कोळसा हाती आला.

9 डिसेंबर 2024

आता खरे सक्रियण सुरू केले आहे. करवंटीची 50 ग्रॅम भुकटी फॉस्फोरिक आम्लाच्या द्रावणात अशा प्रमाणात भिजवली की भुकटीच्या दीडपट वजनाचे आम्ल तिला मिळेल. 24 तास मुरू दिले, 110 अंशांवर वाळवले आणि 450 अंशांवर दीड तास भाजले. फॉस्फोरिक आम्ल लाकडी पदार्थातले पाणी तुलनेने कमी तापमानातच काढून घेते, डांबर कमी बनू देते आणि तंतूंच्या मध्ये पाचरीसारखे शिरून बसते. भाजून झाल्यावर ते धुऊन काढले की त्याने अडवून ठेवलेल्या जागा रिकाम्या होतात आणि तीच रंध्रे. म्हणजे येथे धुणे हे साफसफाईचे काम नसून रंध्रे उघडण्याचेच काम आहे.

गरम डिस्टिल्ड पाण्याने सहा वेळा धुतले, तेव्हा निथळाचा सामू (पीएच; तो जितका कमी तितके पाणी जास्त आम्लयुक्त) 4.5 पर्यंत आला. एवढे पुरेसे वाटले. वाळवल्यावर 21.5 ग्रॅम कार्बन मिळाला, म्हणजे 43 टक्के.

16 डिसेंबर 2024

आयोडीन अंक काढले. ठरावीक वजनाच्या कार्बनवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घालून क्षणभर उकळायचे, थंड झाल्यावर आयोडीनचे द्रावण घालून अर्धा मिनिट जोरात हलवायचे, गाळायचे आणि निथळात किती आयोडीन उरले ते थायोसल्फेटने अनुमापन करून मोजायचे, अशी ही पद्धत आहे. एक ग्रॅम कार्बन जितके मिलिग्रॅम आयोडीन धरतो तो त्याचा अंक. करवंटीच्या साध्या कोळशाचा अंक 190, टरफलांच्या सक्रिय कार्बनचा 610 आणि करवंटीच्या सक्रिय कार्बनचा 780 आला. डोळ्यांना तिन्ही काळ्या भुकट्या सारख्याच दिसतात. मात्र करवंटीच्या सक्रिय कार्बनची चिमूट पाण्यात टाकली की बारीक बुडबुड्यांची साखळी काही सेकंद वर येत राहते. रंध्रांतील हवा बाहेर पडून तेथे पाणी शिरत असते. साध्या कोळशातून असे बुडबुडे जवळजवळ येतच नाहीत.

6 जानेवारी 2025

शिशाचे पहिले निकाल हाती आले. लेड नायट्रेटपासून प्रति लिटर 50 मिलिग्रॅम शिशाचे द्रावण केले होते, सामू 5 ठेवला होता आणि 100 मिलिलिटरमध्ये 0.2 ग्रॅम कार्बन घालून दोन तास शेकरवर हलवले होते. नमुने अणुशोषण वर्णपटमापीवर मोजण्यासाठी बाहेर पाठवावे लागले, कारण ते यंत्र आमच्याकडे नाही. करवंटीच्या कार्बनने 99 टक्क्यांहून अधिक शिसे काढले असे आकडे सांगतात.

मला फार आनंद झाला होता. मॅडमनी आकडे पाहून फक्त एवढेच विचारले की कार्बन न घालता ठेवलेल्या नमुन्याचा आकडा कुठे आहे. असा नमुना मी ठेवलाच नव्हता.

13 जानेवारी 2025

आठवडाभर शिशावरच काम केले. प्रथम कार्बनशिवाय वेगवेगळ्या सामूची द्रावणे ठेवली. सामू 5 ला द्रावण स्वच्छ राहिले. 7 ला मात्र काही वेळातच अंधुक पांढरे ढग दिसू लागले, कारण शिशाचा हायड्रॉक्साइडचा साका बनू लागतो. सामू वाढवत नेऊन “अधिशोषण (म्हणजे कार्बनच्या पृष्ठभागावर धरले जाणे) वाढले” असे दाखवणारे आलेख मी वाचले होते. त्यांतला किती भाग नुसत्या साक्याचा असेल, असा प्रश्न आता पडतो.

दुसरी शंका मॅडमची होती आणि ती अधिक खोल निघाली. आम्ही कार्बन फॉस्फोरिक आम्लाने बनवला आहे आणि लेड फॉस्फेट पाण्यात अत्यंत कमी विरघळते. म्हणून कार्बन नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात तासभर हलवला, गाळून पूर्ण बाजूला काढला आणि त्या स्वच्छ, रंगहीन निथळात शिशाच्या द्रावणाचे काही थेंब सोडले. परीक्षानळी काळ्या कागदासमोर धरली तेव्हा थेंब जेथे पडला तेथे धुराच्या वळशासारखा पांढरा पट्टा उतरताना दिसला आणि अर्ध्या मिनिटात सगळी नळी दुधाळ झाली. नळीत कार्बनचा एक कणही नव्हता. आमच्या 99 टक्क्यांतील काही शिसे रंध्रांत गेलेच नव्हते. कार्बनमधून सुटलेल्या फॉस्फेटने त्याला खाली बसवले होते आणि गाळणकागदाने ते अडवले होते.

सहा धुण्यांनंतर सामू पाहून थांबले ही माझी चूक होती. आता प्रत्येक धुण्याच्या निथळात नायट्रिक आम्ल आणि अमोनियम मॉलिब्डेट घालून पाहते. पिवळा रंग येणे बंद होईपर्यंत धुवायचे. चौदाव्या धुण्याला तो बंद झाला.

20 जानेवारी 2025

पूर्ण धुतलेल्या करवंटीच्या कार्बनने त्याच परिस्थितीत 88 टक्के शिसे काढले. आकडा 11 टक्क्यांनी उतरला, तरी या आकड्यावर मी बोट ठेवून उभी राहू शकते. गाळणकागदही थोडे शिसे धरतो असे दिसल्यामुळे यापुढे शिशाचे नमुने गाळण्याऐवजी सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवून घेणार आहे. टरफलांचा कार्बन पाण्यात लवकर भुगा होतो, त्यामुळे पुढील काम फक्त करवंटीच्या कार्बनवर करायचे ठरवले.

27 जानेवारी 2025

क्रोमियमकडे वळले. पोटॅशियम डायक्रोमेट 2.829 ग्रॅम वजन करून लिटरभर द्रावण केले की त्यात प्रति लिटर 1000 मिलिग्रॅम क्रोमियम येते. त्यापासून पुढची पातळ द्रावणे केली. षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे हे मानवाच्या बाबतीत सिद्ध झालेले आहे, म्हणून वजन करताना मुखपट्टी, हातमोजे आणि कोरडी भुकटी उडू न देणे यात सवलत नाही. काचसामान धुतलेले पहिले पाणीही सिंकमध्ये न ओतता वेगळ्या बरणीत जमा करत आहे.

मोजणीसाठी डायफेनिलकार्बाझाइड वापरले. आम्लयुक्त नमुन्यात त्याचे ॲसिटोनमधील द्रावण घातले की षट्संयुजी क्रोमियम असल्यास जांभूळ चुरडल्यासारखा लालसर जांभळा रंग येतो आणि 540 नॅनोमीटर तरंगलांबीला त्याची तीव्रता मोजता येते. माझ्या अंशांकन रेषेवर प्रति लिटर 1 मिलिग्रॅमला शोषकता 0.76 आली. ही चाचणी इतकी संवेदनशील आहे की प्रति लिटर 50 मिलिग्रॅमचे नमुने पन्नास पट पातळ करूनच मोजावे लागतात.

3 फेब्रुवारी 2025

सामूचा परिणाम अपेक्षेप्रमाणे आला. 100 मिलिलिटरमध्ये 0.2 ग्रॅम कार्बन, सुरुवातीला प्रति लिटर 50 मिलिग्रॅम आणि दोन तास, या परिस्थितीत सामू 2 ला 97 टक्के, 4 ला 61, 6 ला 30 आणि 8 ला केवळ 14 टक्के षट्संयुजी क्रोमियम गेले. कारण शिशाच्या नेमके उलट आहे. शिसे पाण्यात धनभारित आयन म्हणून असते, तर षट्संयुजी क्रोमियम ऑक्सिजनला धरून ऋणभारित आयन बनून राहते. आम्लयुक्त पाण्यात कार्बनच्या पृष्ठभागावर प्रोटॉन (आम्लातले धनभारित हायड्रोजन आयन) बसतात, पृष्ठभाग धनभारित होतो आणि ऋण आयनांना ओढतो. सामू वाढला की पृष्ठभागाचा भार पालटतो आणि तेच आयन दूर ढकलले जातात.

एक किरकोळ बाब नोंदवून ठेवते. सामू 2.0 ला सुरू केलेल्या फ्लास्कमधील सामू दोन तासांनी 2.2 झाला होता. क्रोमियमशिवाय, केवळ आम्लयुक्त पाण्यात ठेवलेल्या कार्बनच्या फ्लास्कमध्ये तो बदलला नव्हता.

10 फेब्रुवारी 2025

ती बाब किरकोळ नव्हती. आम्लाचा खप होतो आहे आणि तो फक्त क्रोमियम असतानाच होतो आहे, याचा अर्थ अशी काही अभिक्रिया चालू आहे जिला प्रोटॉन लागतात. आणि षट्संयुजी क्रोमियमचे क्षपण होऊन, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन मिळून, त्रिसंयुजी क्रोमियम बनताना नेमके प्रोटॉन खर्च होतात. कार्बनचा पृष्ठभाग स्वतः ऑक्सिडीकृत होऊन क्रोमियमला इलेक्ट्रॉन देत असावा. डायफेनिलकार्बाझाइड त्रिसंयुजी क्रोमियमला ओळखतच नाही. त्यामुळे क्रोमियम त्याच पाण्यात, त्याच फ्लास्कमध्ये विरघळलेले असेल आणि केवळ रूप बदलले असेल, तरी माझे यंत्र ते “गेले” असेच सांगणार.

मॅडमच्या देखरेखीखाली फ्यूम हूडमध्ये एकूण क्रोमियम मोजले. निथळ आम्लयुक्त करून पोटॅशियम परमँगनेटबरोबर तापवले, म्हणजे त्रिसंयुजी क्रोमियमचे पुन्हा षट्संयुजी होते. जास्तीचे परमँगनेट सोडियम अझाइडच्या थेंबांनी काळजीपूर्वक घालवले आणि मग नेहमीची चाचणी केली. न तापवलेल्या नमुन्यात अगदी फिका गुलाबी रंग होता. तापवलेल्या नमुन्यात डायफेनिलकार्बाझाइडचा पहिलाच थेंब पडताच गडद जांभळा रंग उसळून आला. एकाच फ्लास्कमधले एकाच दिवशीचे ते पाणी होते.

आकडे असे आहेत. सुरुवातीला प्रति लिटर 50 मिलिग्रॅम; शेवटी षट्संयुजी क्रोमियम 1.3 आणि एकूण क्रोमियम 17.5. म्हणजे खऱ्या अर्थाने पाण्यातून बाहेर पडलेले क्रोमियम 97 टक्के नसून 65 टक्के आहे आणि एका ग्रॅम कार्बनने धरलेले क्रोमियम 24.35 मिलिग्रॅम नसून 16.25 मिलिग्रॅम आहे. सामू 2 ला धनभारित पृष्ठभाग धनभारित त्रिसंयुजी क्रोमियमला फारसा धरत नाही, म्हणून त्यातले बरेच पाण्यात राहिले. लँगम्युअरच्या समीकरणात बसवलेले आधीचे सर्व आकडे आता बाजूला ठेवावे लागतील, कारण ते समीकरण अधिशोषणासाठी आहे आणि येथे अधिशोषणाबरोबर रासायनिक बदलही होत आहे. रेषा सुरेख जुळली होती, सहसंबंध गुणांक 0.99 होता. तरीही ती चुकीच्या गोष्टीची रेषा होती.

रूप बदलण्याचा फायदा अजिबात नाही असे मात्र म्हणता येणार नाही. त्रिसंयुजी क्रोमियम षट्संयुजीच्या मानाने पुष्कळ कमी विषारी असते आणि सामू वाढवला की हायड्रॉक्साइड बनून खाली बसते. माझा आक्षेप त्याला “निष्कासन”, म्हणजे पाण्यातून काढून टाकणे, म्हणण्याला आहे.

17 फेब्रुवारी 2025

वापरलेला कार्बन दोन भागांत विभागला. एका भागावर सौम्य सोडियम हायड्रॉक्साइड घातले. नुसते षट्संयुजी क्रोमियम चिकटलेले असते तर द्रावण चांगले पिवळे व्हायला हवे होते, पण ते जेमतेम पिवळसर झाले. दुसऱ्या भागावर सल्फ्युरिक आम्ल घालून तासभर कोमट ठेवले आणि निथळ हिरवट आला. कार्बनवर जे बसले आहे तेही बहुतांशी त्रिसंयुजीच आहे, याची ही डोळ्यांना दिसणारी खूण आहे. अल्कलीने कार्बन धुऊन तो पुन्हा पुन्हा वापरता येईल, असे मी प्रस्तावात लिहिले होते. तो परिच्छेद काढून टाकला.

24 फेब्रुवारी 2025

क्रोम प्लेटिंगच्या एका छोट्या कारखान्यातून खऱ्या पाण्याचा नमुना आणला. मालकांनी स्वतः सगळी प्रक्रिया दाखवली आणि नमुना देताना काहीही आडपडदा ठेवला नाही. क्रोमियमच्या टाकीतील द्रावणात प्रति लिटर सुमारे 250 ग्रॅम क्रोमिक आम्ल असते. कामगार टाकीतून जॉब, म्हणजे मुलामा द्यायची वस्तू, बाहेर काढतो आणि लगेच शेजारच्या पाण्याच्या टाकीत बुडवतो, त्यामुळे जॉबच्या अंगावरचे द्रावण त्या पाण्यात उतरते. तेच हे धुण्याचे पाणी. माझ्या बाटलीत ते लिंबाच्या सरबतासारखे पिवळे दिसत होते.

तेथे उभी असताना एक हिशेब केला. 250 ग्रॅम क्रोमिक आम्लात 130 ग्रॅम क्रोमियम असते, म्हणजे मिलिलिटरला 130 मिलिग्रॅम. एक थेंब 0.05 मिलिलिटरचा धरला तर त्यात 6.5 मिलिग्रॅम क्रोमियम येते आणि पिण्याच्या पाण्याच्या 0.05 मिलिग्रॅमच्या मर्यादेपर्यंत ते पातळ करायला 130 लिटर पाणी लागेल. असे थेंब जॉबच्या खालच्या कडेवरून एकामागून एक ओघळताना दिसत होते. जॉब टाकीवरच वीस-तीस सेकंद धरून निथळू दिला, तर यातले बरेच द्रावण जेथून आले तेथेच परत जाईल. मी हे सांगितले तेव्हा मालकांनी कामगारांना लगेच तसे करून पाहायला लावले. आमच्या तीन महिन्यांच्या कामापेक्षा त्या अर्ध्या मिनिटाने कदाचित जास्त क्रोमियम पाण्यात जाण्यापासून थांबेल, असे मला मनापासून वाटते आणि अहवालात ते लिहिणार आहे.

निघताना मालकांनी विचारले, “ताई, तुमचा हा कोळसा किती दिवस चालेल, आणि नंतर तो मी कुठे टाकू?”

3 मार्च 2025

धुण्याच्या पाण्यात षट्संयुजी क्रोमियम प्रति लिटर 86 मिलिग्रॅम निघाले. ब्युरेटमध्ये काचेची लोकर आणि 10 ग्रॅम दाणेदार कार्बन भरून, सामू 2 ला आणलेले पाणी मिनिटाला 2 मिलिलिटर या गतीने सोडले. पहिले काही तास खाली येणारे पाणी रंगहीन होते. औद्योगिक सांडपाण्यासाठी षट्संयुजी क्रोमियमची मर्यादा प्रति लिटर 0.1 मिलिग्रॅम आहे. 640 मिलिलिटरनंतर ती ओलांडली गेली. एकूण क्रोमियमची 2 मिलिग्रॅमची मर्यादा मात्र पहिल्या 150 मिलिलिटरमध्येच ओलांडली गेली होती. त्या रंगहीन पाण्यात चुन्याची निवळ घालून सामू 8.5 केला, तेव्हा करड्या-हिरव्या रंगाचा भुरभुरीत साका हळूहळू खाली बसला.

10 मार्च 2025

मालकांच्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत मांडले. दिवसाला 500 लिटर धुण्याचे पाणी धरले, तर त्यात 43 ग्रॅम क्रोमियम येते. कार्बनने ग्रॅमला 16.25 मिलिग्रॅमप्रमाणे पूर्ण क्षमतेने काम केले, तरी रोज 2.65 किलो कार्बन लागेल आणि तेवढाच वापरलेला कार्बन रोज घातक कचरा म्हणून बाहेर पडेल. तो उकिरड्यावर टाकता येत नाही, शेतात तर नाहीच; रांजणगाव किंवा तळोजा येथे असलेल्या अधिकृत घातक कचरा केंद्रांसारख्या ठिकाणीच पाठवावा लागतो. त्याच 43 ग्रॅम क्रोमियमचे क्षपण करायला सोडियम मेटाबायसल्फाइट सैद्धांतिक हिशेबाने अवघे 118 ग्रॅम पुरते, आणि आम्लयुक्त पाण्यात ते घालून नंतर चुन्याने साका पाडण्याची पद्धत प्लेटिंगच्या उद्योगात आधीपासून रूढ आहे. साका दोन्हीकडे पडतो. पण आमच्या पद्धतीत त्याच्या जोडीला कार्बनचेही ओझे येते.

म्हणून एवढ्या तीव्र क्रोमियमच्या पाण्यासाठी करवंटीचा कार्बन सुचवणे मला योग्य वाटत नाही. साका पाडून झाल्यावर पाण्यात जे अल्प प्रमाणात शिसे किंवा तत्सम धनभारित धातू उरतात, त्यांच्यासाठी तो शेवटची पायरी म्हणून उपयोगी पडेल, असे शिशाचे निकाल दाखवतात. कारण तेथे पाण्यातला धातू थोडा असतो आणि एक किलो कार्बन बराच काळ चालतो. मॅडमना हे लिहून दाखवले. त्यांनी “ठेव” एवढेच म्हटले आणि शीर्षकातील “प्रभावी निष्कासन” हे शब्द खोडले.

संध्याकाळी वड्यांच्या मावशींना भेटून आले. त्यांना पहिला प्रश्न पडला तो हाच, की तो कोळसा पिण्याच्या पाण्याच्या माठात टाकला तर चालेल का. नाही, असे स्पष्ट सांगितले, आणि प्रयोगशाळेत आम्लाने बनवलेल्या कोणत्याही कार्बनला तेच लागू आहे हेही सांगितले.

17 मार्च 2025

शेवटचा प्रयोग म्हणून एकाच फ्लास्कमधील क्रोमियमचा पूर्ण जमाखर्च मांडला. फ्लास्कमध्ये 5.00 मिलिग्रॅम क्रोमियम घातले होते. निथळात 1.75 मिलिग्रॅम मिळाले. कार्बन गरम नायट्रिक आम्लात दोनदा काढला, त्यातून 2.98 मिलिग्रॅम मिळाले. बेरीज 4.73. उरलेल्या 0.27 मिलिग्रॅमसाठी फ्लास्कच्या भिंती आणि गाळणकागद आम्लाने धुऊन पाहिले, त्यात 0.13 मिलिग्रॅम सापडले.

वापरलेला सगळा कार्बन एका रुंद तोंडाच्या बाटलीत, साका दुसऱ्या आणि जमा केलेली धुण्याची पाणी तिसऱ्या बाटलीत भरून, प्रत्येकीवर क्रोमियमचे अंदाजे वजन, तारीख आणि माझी सही असलेली चिठ्ठी लावली. मामांनी त्या घातक कचऱ्याच्या कपाटात ठेवल्या आणि नोंदवहीत माझ्यासमोर नोंद केली. राहिलेल्या 0.14 मिलिग्रॅम क्रोमियमचा पत्ता लागला नाही; तेवढी जागा तक्त्यात मोकळी सोडली आहे.